उन्हाच्या देशातले बंद बूट

प्रश्न : ताई, नमस्कार. वय ४२. नोकरीसाठी नऊ महिन्यांपूर्वी एका उष्ण देशात आलो. कुटुंब अजून आलेलं नाही. आधी आठवड्यातून चार दिवस पाच किलोमीटर पळायचो. इथे तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी पळायला गेलो आणि दोन किलोमीटरवर डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हापासून बूट कपाटात आहेत. घर, गाडी, ऑफिस सगळीकडे एसी. रात्रीचं जेवण मोबाइलवरून मागवतो. वजन सात किलोने वाढलंय. दिवसाला पाच लिटर पाणी पितो, तरी संध्याकाळी डोकं दुखतं. वय झालं म्हणू, की मला इथली हवाच सोसत नाही?

उत्तर : वय नाही आणि हवाही नाही. तुम्ही शरीराला मुदत दिली नाहीत, एवढंच झालं. मी स्वतः आहारतज्ज्ञ म्हणून अकरा वर्षं अशाच एका देशात राहिले. तुमच्या पत्रातलं प्रत्येक वाक्य मी तिथे कुणाकडून ना कुणाकडून ऐकलंय, आणि ती माणसं पुन्हा पळायला लागलेलीही पाहिलीत.

उन्हाची सवय होते म्हणजे अंगात खरोखर बदल होतात. रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी लागतात, घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. पण एसीत बसून हे होत नाही. रोज थोडा वेळ उष्ण हवेत हालचाल करावी लागते. तुम्ही नऊ महिने त्या देशात आहात खरे, पण तुमचं शरीर अजून पहिल्याच आठवड्यात आहे.

कामगारांच्या सुरक्षेवर काम करणारी अमेरिकेतली निऑश ही संस्था उन्हात कामाला लागणाऱ्या नवख्या माणसासाठी एक हिशेब सांगते : पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या २० टक्के, मग रोज २० टक्क्यांहून जास्त वाढ नाही. मी तोच व्यायामाला लावते, आणि आणखी सावकाश. पहिले चार दिवस दहा मिनिटं नुसतं चाला. नंतर वीस, मग तीस. दोन आठवडे झाले की चालता चालता दोन-दोन मिनिटं पळा. घड्याळातला वेग बघू नका. बोलता येईल इतकीच धाप लागू द्या. आणि वेळ पहाटेची ठेवा. संध्याकाळी सूर्य गेला तरी रस्ते आणि भिंती दिवसभराची धग सोडत असतात. तुम्हाला अंधारी आली ती संध्याकाळीच. फक्त, पहाटे हवा फार दमट असेल तर घाम वाळत नाही, नुसता गळतो. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, गळल्यामुळे नव्हे. अशा दिवशी सरळ घरात दोरीच्या उड्या मारा किंवा जिने चढा. दीड-दोन आठवडे सुट्टीवर जाऊन आलात तर पुन्हा दहा मिनिटांपासून सुरुवात करा, कारण ही सवय मोडायलाही वेळ लागत नाही.

आता पाणी. पाच लिटर हा आकडा तुम्ही कुठून घेतलात, कळत नाही. दिवसभर एसीत बसणाऱ्याला तो बहुधा लागत नाही. उलट लांबच्या व्यायामात नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन डोकं दुखतं, मळमळतं, आणि प्रकरण गंभीरही होऊ शकतं. तुमच्या डोकेदुखीचं कारण मी पत्रावरून ठरवणार नाही. आधी बीपी मोजून घ्या. बीपीच्या किंवा लघवी जास्त होणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पळायला लागण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पाण्याचा अंदाज काट्यावर घ्या. पळायला जाण्याआधी लघवीला जाऊन, कमीत कमी कपड्यांत वजन करा. आल्यावर घाम टॉवेलने नीट टिपून पुन्हा करा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चाळीस मिनिटांच्या चालण्यात काटा ७०० ग्रॅमने खाली आला होता, आणि मला वाटत होतं की आपल्याला फारसा घाम येत नाही. एक किलो कमी म्हणजे जवळपास एक लिटर घाम. तेवढं किंवा थोडं जास्त पाणी पुढच्या दोन-तीन तासांत हळूहळू प्या, एका दमात नको. रोजच्या जेवणात मीठ असतंच, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाच्या व्यायामाला वेगळं मीठ लागत नाही. तासाच्या वर गेलात तर ओआरएस चालेल. गोड शीतपेयं नकोत. उन्हाळ्यात ती पाण्यासारखी प्यायली जातात, आणि सात किलोंमधले काही तिथून आलेले असतात.

बाकीचे किलो मात्र मला रात्री नऊच्या सुमाराला दिसतात. तुम्ही घरी येता, भूक लागलेली असते, बोलायला कुणी नसतं. डबा उघडून ओट्यापाशी उभ्याउभ्या, मोबाइल बघत जेवता ना? माझं पहिलं वर्ष तसंच गेलं. एकटेपण आणि भूक रात्री एकाच वेळी येतात आणि दोन्हींना आपण खाणं हेच उत्तर देतो. म्हणून मी उपाय स्वयंपाकापासून सुरू करत नाही. एक ताट घ्या, त्यात वाढून घ्या, बसून जेवा. आठवड्यातून दोन रात्री शेजारच्या किंवा ऑफिसातल्या कुणाला जेवायला बोलवा. पाहुणा येणार म्हटलं की माणूस भाजी चिरतो. उरलेल्या दिवसांसाठी सुट्टीच्या सकाळी डाळी, कडधान्यं शिजवा, अंडी उकडा. ते लहान डब्यांत भरून तीन-चार दिवसांचं फ्रिजमध्ये, बाकीचं डाळ-कडधान्य फ्रीझरमध्ये. ऐन वेळी फक्त काकडी-टोमॅटो चिरायचे. संध्याकाळी पाच वाजता फळ किंवा दही खाल्लं तर नऊची भूक निम्मी होते.

पळताना गरगरलं, थंडी वाजल्यासारखं झालं, तर त्याच क्षणी थांबा, सावलीत बसा, अंगावर पाणी ओता. माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात असू शकतो : रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत अंग गार पाण्याने भिजवत राहायचं. पहिले काही आठवडे एकटे पळू नका.

प्रश्न : इतकं ऊन असूनही माझ्या तपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघालं. कसं शक्य आहे?

उत्तर : अगदी शक्य आहे. ऊन खिडकीबाहेर असतं, आपण आत. ड जीवनसत्त्व तयार व्हायला लागणारे किरण काच अडवते, त्यामुळे गाडीत किंवा खिडकीपाशी अंगावर आलेल्या उन्हाचा इथे उपयोग नाही. गोळीची मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्या. मैत्रिणीची गोळी घेऊ नका.

प्रश्न : सकाळी नेलेला डबा गाडीत राहिला तर दुपारी खाल्लेला चालेल का?

उत्तर : नाही. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. वास चांगला येतोय म्हणून खाऊ नका. बर्फाची थैली घातलेली पिशवी घ्या, आणि ऑफिसात पोचल्यावर डबा आधी फ्रिजमध्ये ठेवा, मग कॉम्प्युटर लावा.