पोपट आणि नागरमोथा: तुलनेची सुरुवात कुठून करावी

एका पक्ष्याची आणि एका वनस्पतीची तुलना करायला सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारलेत. पहिल्याच तुलनेसाठी आपण कंठवाला पोपट (नराच्या गळ्याभोवती कंठ, म्हणजे रंगीत कडे, असलेला) आणि नागरमोथा (गवतासारखे दिसणारे तण) ही जोडी निवडलीत, हे उत्तम झाले. दोन्ही बहुधा आपल्या आवारातच सापडतील. सुरुवातीला पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१. नागरमोथ्याला गवत समजू नये. फुलोऱ्याचा दांडा बोटांत फिरवून पाहावा. त्याला तीन कडा जाणवतात आणि आत तो भरीव असतो, तर गवताचा बहुधा गोल व पोकळ असतो.

२. गळ्याला कंठ दिसला नाही म्हणून पक्ष्याची जात वेगळी ठरवू नये, कारण मादीला आणि पिलांना तो नसतोच. खांद्यावर लाल डाग असेल, तर मात्र ती आकाराने मोठी असलेली दुसरी जात होय.

३. लांबी, रंग, वजन यांचे समोरासमोर तक्ते करू नयेत. नवशिके हटकून तेच करतात आणि त्यातून हाती काही लागत नाही. त्याऐवजी एकच प्रश्न घ्यावा, उदाहरणार्थ प्रसाराचा: पिंजऱ्यातून सुटलेल्या पोपटांचे थवे लंडनमध्ये स्थिरावले, तर नागरमोथा जमिनीखाली गाठींची माळ गुंफत पसरतो आणि खुरपणीत पाने गेली तरी मागे राहिलेली गाठ नवा कोंब काढते. (शेतकरी त्याला वैतागतात, ते उगीच नव्हे.)

निरीक्षणासाठी पोपट पाळण्याचा विचारही करू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. उपजाती आणि वर्गीकरणाचे वाद तूर्त बाजूला ठेवावेत.