मनालीहून आणलेलं चेस्टनट नाशिकला येईल का?

मनालीत झाडाखाली वेचलेल्या तपकिरी बिया नाशिकला लावून फळं खायची, असा तुमचा बेत आहे. आधी एक कळकळीची विनंती: ओळख पटेपर्यंत त्यातली एकही बी भाजून खाऊ नका, मुलांच्याही हाती देऊ नका.

बी हातात घेऊन नीट बघा. खायच्या चेस्टनटला टोकाशी बारीक शेंडी असते आणि एक बाजू बहुतेक वेळा चपटी, कारण काटेरी बोंडात दोन-तीन बिया दाटीवाटीने वाढतात. बी गोलमटोल, बिनटोकाची आणि बुडाशी मोठा फिकट डाग असलेली असेल, तर ते हॉर्स चेस्टनट. त्याचं हिमालयी भावंड, खनोर, हिमाचलात भरपूर आहे. माझ्या मते तुमच्याकडे तेच आलंय. पान आठवलं तर शंकाच नको. खनोरचं पान सावरीसारखं, एका देठावर पंजाच्या आकारात. खऱ्या चेस्टनटचं सुटं, लांबट, करवती कडांचं. खनोरच्या बियांत सॅपोनिन हे कडू, विषारी द्रव्य असतं. पहाडातले लोक त्या बराच काळ भिजवून, कडूपणा काढून पीठ करतात, पण तो घरी करायचा प्रयोग नव्हे.

आता लागवड. खरं चेस्टनट हे आम्लधर्मी, निचऱ्याच्या मातीतलं झाड, पीएच साधारण 5 ते 6. आपल्याकडची काळी, चुनखडीची जमीन त्याला मुळीच मानवत नाही. ढेकळावर व्हिनेगर टाकून बुडबुडे आले, तर जमिनीत लावूच नका. थंडीचंही तेच. निफाडला पारा कितीही उतरला तरी तो पहाटेपुरता, दुपारी ऊन असतंच. इथे द्राक्षालासुद्धा ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावावी लागते, मग आठवडेच्या आठवडे गारठा मागणारं चेस्टनट फळावर येईल अशी आशा मी तुम्हाला देणार नाही.

तरीही हौस असेल तर चिनी जात शोधा. तिचं पान खालून लवदार असतं, बीची आतली साल सहज सुटते आणि अमेरिकेतली चेस्टनटची जंगलं संपवणाऱ्या बुरशीला ती बऱ्यापैकी दाद देत नाही. बी वाळली की मेली, म्हणून ताजीच घ्या, ओलसर कोकोपीटमध्ये फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन-तीन महिने ठेवा, मग खोल कुंडीत आडवी पेरा. लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि जमेल तेव्हा पावसाचं पाणी. बोअरचं क्षारयुक्त पाणी टाळा. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली हवीच. फळासाठी झाडं किमान दोन लागतात, एकट्याला बी क्वचितच धरते.

खनोर असेल तर फ्रिजची भानगड नको, लगेच पेरा आणि फक्त पानांच्या देखणेपणासाठी वाढवा.