शेजारच्या आजोबांचा पर्पल हार्टचा अर्ज पाठवण्याआधी हे वाच

प्रिय मित्रा,

तुझा मेल वाचला, सोबतचा अर्जाचा ड्राफ्टपण दोनदा वाचला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन आर्मीत असलेल्या शेजारच्या आजोबांना पर्पल हार्ट, म्हणजे शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्या सैनिकाला मिळणारं अमेरिकन मेडल, मिळावं म्हणून तू एवढा वेळ काढतोयस हे बघून खूप बरं वाटलं, आणि म्हणूनच स्पष्ट लिहितोय, हा ड्राफ्ट असाच्या असा पाठवू नकोस. चार पानं तू त्यांच्या शौर्यावर लिहिलीयस, रात्रीचा हल्ला, चिखल, ओरडाआरडा, सगळं डोळ्यासमोर उभं राहतं, पण मांडीत तुकडा घुसल्यावर त्यांना कोणी तपासलं, कुठे नेलं आणि ते कुठल्या कागदावर आलं याबद्दल एक ओळ नाहीये. बोर्डाला, म्हणजे सैनिकांच्या रेकॉर्डमधल्या चुका दुरुस्त करणाऱ्या आर्मीच्या बोर्डाला, नेमकं तेवढंच बघायचं असतं.

पर्पल हार्टचं गणित बाकीच्या मेडल्सपेक्षा वेगळं आहे. सिल्व्हर स्टार, ब्राँझ स्टारसाठी कोणीतरी शिफारस करावी लागते, इथे शिफारस लागत नाही, अटी पूर्ण झाल्या की तो हक्कच असतो. अटी काय, तर जखम शत्रूच्या कारवाईमुळे झालेली हवी, तिच्यावर डॉक्टरी उपचार लागलेले हवेत आणि त्या उपचारांची अधिकृत नोंद हवी. लोक अडकतात ते या शेवटच्या अटीवर. गाडी उलटून मोडलेलं हाड, उष्माघात, ट्रेंच फूट (सतत ओलं राहून पाय खराब होणं) यातलं काही त्यात बसत नाही, त्रास कितीही झालेला असो. त्यामुळे आधी आजोबांशी शांतपणे बसून बोल, आणि जखम नक्की कशाने झाली, मॉर्टरचा तुकडा होता की पळताना तारेवर पडले, हे सरळ विचार. प्रश्न अवघड वाटेल, पण तू नाही विचारलास तर बोर्ड विचारणार, आणि तेव्हा उत्तर द्यायला ते समोर नसतील. सुनावणी मिळेलच असं नाही, बहुतेक प्रकरणं कागदावरच निकाली निघतात.

आता कागदांचं. तू फक्त डीडी २१४ जोडलायस. तो आर्मीतून सुटताना मिळालेला नोकरीचा एका पानाचा गोषवारा, व्हिएतनामच्या काळातल्या फॉर्मवर आयटम २४ मध्ये मेडल्सची यादी असते, तिथे पर्पल हार्ट नाही म्हणून तर आपण हा खटाटोप करतोय ना! मग तोच कागद पुरावा कसा होईल? सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमधून, जिथे जुन्या सैनिकांच्या फाइली ठेवतात, त्यांची पूर्ण फाइल मागव, एसएफ १८० फॉर्म भरून किंवा ऑनलाइन. सही आजोबांचीच लागेल. तू शेजारी, तुझं सोड, पण त्यांचा सख्खा नातूसुद्धा नियमाप्रमाणे नेक्स्ट ऑफ किनमध्ये (जवळच्या नातेवाइकांत) धरत नाहीत, आणि इथे तर आजोबा स्वतः हयात आहेत, तेव्हा प्रत्येक कागदावर त्यांचीच सही घे.

फाइल आली की सगळ्यात आधी डीए फॉर्म २० शोध, म्हणजे नोकरीत असताना युनिटमध्ये भरत गेलेला त्यांच्या नोंदींचा फॉर्म. जाड कागदाचा, घडीचा, त्यावर कोणी टाइप केलेलं, कोणी पेनाने खरडलेलं, खाडाखोड केलेली. आयटम ४० म्हणजे वूंड्स, आयटम ४१ म्हणजे अवॉर्ड्स. ४० मध्ये फ्रॅगमेंट वूंड (तुकड्याची जखम), कुठला पाय आणि तारीख असं इतकंसं जरी सापडलं तरी अर्धं काम झालं समज. रिकामा असेल तरी धीर सोडू नकोस, युनिटमधले क्लार्क एका वेळी कितीजणांचे फॉर्म सांभाळत होते, नोंद राहून जाणं अगदी शक्य आहे. पण रिकामा आयटम ४० बोर्ड तुमच्या विरोधात वाचणार हे धरून चाल, कारण रेकॉर्ड बरोबरच आहे असं गृहीत धरून ते सुरुवात करतात, चूक झालीये हे सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची.

तुला कोणीतरी सांगितलंय की रेकॉर्ड आगीत जळलं असणार. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसला मोठी आग लागली हे खरंय, १.६ ते १.८ कोटी फाइली गेल्या, आणि त्यांच्या दुसऱ्या प्रती किंवा मायक्रोफिल्म नव्हत्या. पण आर्मीपुरतं बघितलं तर ते नुकसान नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात सुटलेल्यांचं, त्यातल्या साधारण ८० टक्के फाइली गेल्या. दुसरं महायुद्ध आणि कोरियावाल्यांना ते फार भोवलं. आजोबा सुटले १९६९ ला. त्यांची फाइल त्यात नव्हती, त्यामुळे अर्जात आगीचा उल्लेखच काढून टाक, अशा एका चुकीच्या वाक्याने बाकीच्या खऱ्या वाक्यांचं वजन कमी होतं.

हॉस्पिटलचे कागद मात्र वेगळे शोधावे लागतात, आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ॲडमिट झालेल्या पेशंटची रेकॉर्ड्स माणसाच्या फाइलमध्ये जातीलच असं नाही, ती हॉस्पिटलच्या नावाने आणि वर्षाने ठेवलेली असतात. म्हणजे नुसतं "व्हिएतनाममध्ये हॉस्पिटलमध्ये होते" असं लिहिलंस तर कोणी काही शोधू शकणार नाही, हॉस्पिटलचं नाव आणि साल द्यावं लागेल. नाव आठवत नसेल तर त्यांनी तेव्हा घरी लिहिलेली पत्रं आहेत का विचार, पाकिटावरचा पत्ता, तारीख, सगळं बघ. आणि त्यांच्या कंपनीचे, म्हणजे सैन्यातल्या तुकडीचे, रोजचे मॉर्निंग रिपोर्ट मागव, कोण ड्युटीवर, कोण हॉस्पिटलला गेला याची नोंद त्यात व्हायची. भाषा सगळी शॉर्टफॉर्मची, एक ओळ समजायला अर्धा तास लागेल, पण तीच ओळ त्या आठवड्यात लिहिलेली असते आणि म्हणून तिला तुझ्या चार पानांपेक्षा जास्त किंमत आहे. युनिटचे व्हिएतनाममधले बाकीचे कागद मेरीलँडला कॉलेज पार्कमध्ये नॅशनल अर्काइव्ह्जकडे आहेत, जनरल ऑर्डर्स, म्हणजे मेडल दिल्याचे लेखी हुकूम, तिथे बघायला मिळतात.

जनरल ऑर्डर सापडली, म्हणजे मेडल तेव्हा दिलंच होतं फक्त डीडी २१४ वर चढवायचं राहिलं, तर बोर्डाकडे जायचंच नाही. आर्मीच्या ह्युमन रिसोर्सेस कमांडकडे, फोर्ट नॉक्सला लिहायचं, ते डीडी २१५ काढतात, म्हणजे दुरुस्तीचा कागद. तसंही आधी हा रस्ता वापरून बघितलाय का हे बोर्ड पाहतंच.

आजोबांच्या दोन साथीदारांची स्टेटमेंट्स तू मिळवलीस, शाब्बास, पण दोन्हीत तीच वाक्यं आहेत, कारण मजकूर तू लिहून दिलास आणि त्यांनी सह्या केल्या, बरोबर ना? ती बाजूला ठेव. प्रत्येकाला स्वतःच्या शब्दांत लिहू दे, मोडक्या वाक्यांत असलं तरी चालेल, फक्त स्वतः काय पाहिलं तेवढंच. एकाला तारीख आठवत नसेल तर आठवत नाही असंच लिहू दे. मेडिक असलेला माणूस जिवंत असेल तर त्याला शोधायला जीव तोडून प्रयत्न कर, जखम बांधणाऱ्याचं म्हणणं बघणाऱ्यापेक्षा जड पडतं.

बोर्डाकडे अर्ज करायचा तो फॉर्म डीडी १४९. त्यात मागणी एकच आणि नेमकी ठेव, अमुक तारखेच्या जखमेसाठी पर्पल हार्ट डीडी २१४ वर नोंदवावं. तू त्यात ब्राँझ स्टार पण घुसवलायस, तो काढ. शिफारसच तेव्हा झाली नसेल तर त्याचा रस्ता वेगळा, काँग्रेसच्या सदस्यामार्फत जातो, दोन्ही एकत्र केलं की कच्ची बाजू पक्क्या बाजूला खाली ओढते. चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षांत अर्ज करायचा नियम आहे, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर बोर्ड ती मुदत माफ करू शकतं, उशीर का झाला तो रकाना रिकामा सोडू नकोस. इतकी वर्षं का गप्प होते ते त्यांच्याच तोंडून ऐक आणि तसंच लिही. अर्जाला फी नाही, त्यामुळे पैसे मागणाऱ्या कोणाच्याही नादी लागू नका, अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू, डीएव्ही या माजी सैनिकांच्या संघटनांचे सर्व्हिस ऑफिसर फुकट मदत करतात. आणि बोर्डाचे जुने निर्णय नावं काढून ऑनलाइन ठेवलेले असतात, पर्पल हार्टचे मंजूर झालेले आणि नाकारलेले दोन्ही वाच, नाकारलेले जास्त.

एक गोष्ट मनापासून सांगतो, आजोबांना "मिळवून देतोच" असं वचन देऊ नकोस. या वयात पुन्हा आशा लावून बसणं सोपं नसतं. नकार आला तर त्यात कारणं लिहिलेली असतात, नवा पुरावा हाती आला तर फेरविचार मागता येतो, त्याच कागदांवर पुन्हा मागून उपयोग नाही.

सध्या एसएफ १८० वर त्यांची सही घे आणि पाठव, त्याची प्रत स्वतःकडे ठेव. डीडी १४९ फाइल हातात येईपर्यंत अजिबात पाठवायचा नाही. फाइल आली की आयटम ४० चा फोटो काढून पाठव, मग फोनवर बोलू.

तुझा,
काका