जुना लॅपटॉप: बॅटरीचं दुखणं वेगळं, बोर्डाचं वेगळं

प्रश्न: मुलगी लातूरला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. एका दुकानात लेनोवो थिंकपॅड टी४८० सतरा हजारांना सांगतायत. आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. बॅटरी तासभर टिकते, पंखा आवाज करतो आणि चार्जरची पिन जराशी हलली की चार्जिंग तुटतं. दुकानदार म्हणतो, ‘कंपनीतून निघालेला माल आहे, काही होत नाही.’ नवा घ्यायची ऐपत सध्या नाही. घ्यावा का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर: तुमच्या तीन तक्रारींपैकी बॅटरी आणि पंखा या दोन पैशांनी सुटणाऱ्या आहेत. चार्जिंग तुटणं मात्र गंभीर असू शकतं. त्याचा उलगडा होईपर्यंत इसार देऊ नका.

या मॉडेलला डाव्या बाजूला दोन टाइप-सी पोर्ट आहेत, चार्जिंग दोन्हींतून होतं. दोन्ही मदरबोर्डावर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट-पाटीवर, सोल्डर केलेले असतात. ओळखीतल्या कुणाचा तरी चांगला ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर सोबत न्या. तो आधी एका पोर्टात, मग दुसऱ्यात लावा आणि पिन हलकेच हलवून बघा. दोन्हीकडे चार्जिंग टिकलं तर दोष दुकानातल्या चार्जरचा. एकाच पोर्टात तुटत असेल तर तो पोर्ट ढिला झालाय आणि ते काम बोर्डावरचं आहे.

त्यानंतर एचडीएमआय केबलने टीव्ही जोडा आणि टाइप-सी पेनड्राइव्ह लावून बघा. चित्र येत नाही, पेनड्राइव्ह दिसत नाही, चार्जिंगही रुसतं, असं एकत्र दिसलं तर थंडरबोल्टच्या (टाइप-सी पोर्टामागच्या चिपच्या) फर्मवेअरची, म्हणजे चिपमध्येच भरलेल्या प्रोग्रामची, शंका घ्या. २०१७ ते २०१९ च्या थिंकपॅडांमधल्या या दोषासाठी लेनोवोने स्वतःच अपडेट दिलेलं आहे. जुनं फर्मवेअर तसंच राहिलं तर आज धड चालणारा पोर्टही पुढे बंद पडू शकतो, म्हणून सगळं ठीक दिसलं तरी ते अपडेट दुकानातच करून घ्या. अपडेट अर्ध्यावर अडकलं तर मशीन तिथेच ठेवून या.

बॅटऱ्या दोन आहेत, एक आत आणि एक मागे. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’ (powercfg) टाइप करा, एक जागा सोडा, तिरकी रेघ (/) द्या आणि लगेच ‘बॅटरीरिपोर्ट’ (batteryreport) लिहून एंटर दाबा. तयार होणाऱ्या फाइलीत प्रत्येक बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण क्षमता दिसते. आतली बॅटरी मुळात साधारण २४,००० मिलिवॅट-तासांची. आता १३,००० उरली असेल तर ती निम्म्यावर आली. मागची बॅटरी मशीन बंद करून, उलटं करून, दोन खटके सरकवले की निघते, म्हणून ती बदलणं सोपं. आतलीसाठी तळ उघडावा लागतो. त्याआधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन ती बॅटरी बंद करायची असते, हे मेकॅनिकला आवर्जून सांगा. लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय किंवा टचपॅड वर आलंय, तर बॅटरी फुगलेली आहे. ती बदलल्याशिवाय मशीन घरी आणू नका.

पंख्याचा आवाज ‘सूं’ असा असेल तर धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट. खरखर असेल तर बेअरिंग गेलंय, पंखा नवा बसवावा लागेल. पण तपासणी एसीच्या दुकानात नको. लॅपटॉप साधारणपणे ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीपलीकडे जातो. साध्या खोलीत वीस मिनिटं दोन-तीन व्हिडिओ एकदम चालवा आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग बघत राहा. या आय-५ चा मूळ वेग १.६ किंवा १.७ गिगाहर्ट्झ. भार असतानाही तो ०.८ च्या खाली जाऊन तिथेच बसला तर उष्णता, चार्जर किंवा बोर्ड यांतलं काहीतरी बिघडलंय.

दुकानदार ‘कंपनीतून निघालेला’ म्हणतोय, तर आणखी दोन गोष्टी बघाच. सुरू करताना एफ-१ दाबा. बायोस सुपरवायझर पासवर्ड मागत असेल आणि दुकानदाराला तो माहीत नसेल, तर सोडून द्या. मग विंडोज रीसेट करायला लावून वायफाय जोडा. सेटअपच्या वेळी एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथलं लॉगिन मागितलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. ते घेऊ नका.

यातून पार पडलं तर बॅटरी-पंख्याचा खर्च किमतीतून वजा करून जरूर घ्या. रॅमच्या दोन जागा आहेत, एक रिकामी असेल तर पुढे ८ जीबी सहज वाढतील. बिलावर सीरियल नंबर आणि महिनाभराची परतीची अट लिहून घ्या.

प्रश्न: पाचव्या पिढीचा आय-३, हार्ड डिस्कवाला, आठ हजारांना मिळतोय. ऑनलाइन फॉर्म आणि टायपिंगसाठी चालेल?
– एक वाचक, परभणी

उत्तर: आठ हजार जास्त होतात. विंडोज १० ला सुरक्षेची नियमित अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. बँकेची कामं, आधार, फॉर्म यासाठी असं मशीन वापरणं धोक्याचं. लिनक्स शिकायची तयारी असेल आणि किंमत बरीच उतरली तर विचार करा, पण हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकण्याचा खर्च धरूनच.