ऑइलपेंट काढा, पण सँडब्लास्टिंगने नको. आमच्या देवळाची तुळई अशीच गेली

तुमचा प्रश्न वाचला आणि आधी तिसरा फोटो झूम करून चार वेळा बघितला. जुनं दगडी महादेवाचं देऊळ, वीस वर्षांपूर्वी कुणीतरी भक्तिभावाने मारलेला ऑइलपेंट, आता तो काढून मूळ काळा दगड दाखवायचाय, कंत्राटदार म्हणतो सँडब्लास्टिंगने (कॉम्प्रेसरच्या हवेने वाळूचा मारा करून) दोन दिवसात चकाचक करून देतो आणि गळतीसाठी वर सिमेंटचा कोबा टाकतो, आणि सगळं महाशिवरात्रीच्या आत. हे सगळं शब्दाला शब्द आमच्याकडे घडलंय. मी तेव्हा ट्रस्टचा सचिव होतो, कामाला हो म्हणणारी सही माझीच आहे.

आधीच सांगतो, मी संवर्धनातला तज्ज्ञ नाही, एका देवळाचं काम बिघडवून मग दहा वर्षं त्यातलं वाचत-विचारत आलेला माणूस आहे एवढंच. चुना चांगला की सिमेंट हे इथे बहुतेकांना माहितीये म्हणून त्यात शिरत नाही.

आमच्याकडे रंग काढायचं ठरलं तेव्हा आम्ही आधी रीतसर विचारायला गेलो होतो हो. एका सरकारी कार्यालयात (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) अर्ज दिला, देवळाचे फोटो जोडले. पहिल्या खेपेला म्हणाले हे देऊळ आमच्या यादीत नाही, दुसऱ्या खेपेला नकाशा जोडा, तिसऱ्या खेपेला हा ट्रस्टचा विषय आहे तिकडे विचारा, असं करत पाच खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला एसटीने पूर्ण दिवस. शेवटी मी म्हणालो साहेब परवानगी राहू द्या, रंग कसा काढायचा तेवढं तोंडी सांगा. तर म्हणे, देऊळ संरक्षित नाही त्यामुळे आम्ही काही सांगू शकत नाही. मला आजही राग येतो तो याचाच. "वाळू मारू नका" एवढे तीन शब्द कुणी बोललं असतं तरी पुरलं असतं. लेखी उत्तर आलं चौदा महिन्यांनी, त्यात परत तेच, सदर मंदिर यादीत नाही. तोवर काम होऊन गेलेलं.

कारण दरम्यान जत्रा आली, देणगीदार विचारायला लागले, आणि मीच म्हणालो चला, आता वाट नको बघायला. कॉम्प्रेसर आला, दीड दिवसात सगळा रंग गेला. पहिल्या संध्याकाळी गाव बघायला लोटलं, इतकं सुंदर दिसत होतं की काही बायकांनी जोत्याला हात लावून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी आमचे म्हातारे गुरव सभामंडपात आले, गाभाऱ्यासमोरच्या तुळईकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हितं लिवलेलं होतं की. माझा आजा बोट ठिवून दाखवायचा." रंगाखाली लेख होता. आमच्या पिढीत कुणालाच माहीत नव्हतं, आणि गुरवांना विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण बैठका व्हायच्या ट्रस्टच्या ऑफिसात आणि ते तिथे कधी यायचे नाहीत.

पुढे एक अभ्यासक आले, त्यांनी ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून, वर शाई देऊन ठसा घेतला. लागलं ते एवढंच, "शके १५". पुढचे दोन आकडे नाहीत, खालच्या ओळीत कुणाचं तरी नाव असणार ते नाही. शके १५०० ते १५९९, म्हणजे इसवी सन १५७८ ते १६७८ मध्ये कधीतरी कुणीतरी आमचं देऊळ बांधलं किंवा त्याचा जीर्णोद्धार केला. या शंभर वर्षांत १६३६ ला निजामशाही बुडाली, १६७४ ला राज्याभिषेक झाला. आमच्या गावात हे काम करणारा माणूस या घटनांच्या आधीचा की नंतरचा हे आता कधीच कळणार नाही. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातल्या चौऱ्याऐंशीच्या शिलालेखाला, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा सुटावा म्हणून, किती पिढ्यांनी पाठ घासली, तरी शके ११९५ ते ११९९ मधल्या देणग्यांच्या नोंदी त्यावरून वाचता आल्या, देवगिरीचा राजा रामदेवराव यादव आणि त्याचा मंत्री हेमाद्री पंडित यांची नावं त्यात आहेत. आमची तुळई कॉम्प्रेसरखाली जेमतेम तासभर होती.

आता लोक म्हणतात बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा दगड, कठीण असतो, त्याला काय होतंय. दगड कठीण असतो, पण कोरलेलं अक्षर दोन-तीन मिलिमीटर खोल असतं आणि त्याच्या कडा शेकडो वर्षं झिजून आधीच मऊ झालेल्या असतात, वाळू आधी त्या कडाच खाते. मूर्तीचे डोळे, दागिन्यांच्या रेघा, कीर्तिमुखाचे (उंबऱ्यावर वगैरे कोरलेल्या राक्षसी चेहऱ्याचे) दात, छिन्नीचे मूळ घाव, सगळं एकसारखं गुळगुळीत गोल होतं. वर दगडाची जुनी त्वचा गेल्यामुळे तो खरखरीत होतो, पाणी धरतो आणि पुढच्या पावसाळ्यात आधीपेक्षा जास्त शेवाळ येतं. मग तोच कंत्राटदार काळं चमकायला क्लिअर कोट (पारदर्शक वॉर्निशसारखा थर) मारायचं सुचवतो, तो तर मुळीच घेऊ नका. आमच्याकडे दोन वर्षांत त्याचे पांढरे पापुद्रे सुटले, आतला ओलावा बाहेर पडायला जागा शोधतच असतो.

मग रंग काढायचा कसा? माझ्या मते, आणि हे माझं मत म्हणूनच घ्या, घाई नसेल तर पेंट रिमूव्हर जेल, लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी, नायलॉनचा ब्रश आणि पाणी. आधी मागच्या बाजूला हातभर जागेत करून बघा, आठ-पंधरा दिवस थांबा, मग पुढे. तारेचा ब्रश, ग्राइंडर, ॲसिड यातलं काहीही नको. जिथे निघत नाही तिथे रंग राहू द्या, राहिलेला रंग उद्या कुणी काढू शकेल. आणि ऑइलपेंटच्या खाली जुन्या चुन्याचे थर लागले तर थांबा, त्यात कधीकधी चित्रं असतात. मूर्तींवरच्या शेंदराला तर जाणकार माणूस जवळ उभा असल्याशिवाय हात लावू नका, तिथे श्रद्धेचाही प्रश्न असतो, गावाशी बोलल्याशिवाय केलं तर भांडणं होतात.

पण त्याच्याही आधी रात्री देवळात जा. लाइट सगळे बंद करा आणि टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा. दिवसा सपाट दिसणारी अक्षरं अशा उजेडात सावलीने उठून येतात, पेंटखालची सुद्धा. तुळया, गाभाऱ्याची चौकट, उंबऱ्याच्या बाजू, खांबांचे चौरस भाग, दीपमाळेचं जोतं, एवढं तरी बघाच. चंद्र-सूर्य कोरलेले दिसले किंवा "शके", "स्वस्ति श्री" असं काही लागलं तर त्या दगडाला कुणीही हात लावायचा नाही. प्रत्येक दगडाचा मोजपट्टी ठेवून फोटो. आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा, गुरव, पाटलांच्या घरातल्या आजी, जे बैठकीला येत नाहीत त्यांना मुद्दाम घरी जाऊन.

गळतीचं बोलायचं तर कोबा टाकायच्या आधी शिखरावर पिंपळ-वड उगवलेत का ते बघा, बहुतेक पाणी तिथूनच येतं. मुळं ओढून काढू नका, दगड सुटतात, अशी देवळं दगडावर दगड बसवून उभी असतात, ओझं एकमेकांवर तोललेलं असतं. झाड वरून कापून बुंध्यात औषध भरावं लागतं, ते माहितगाराकडूनच. दुसरं म्हणजे, तुमच्या पहिल्या फोटोत अंगणात पेव्हर ब्लॉक दिसतायत आणि जोत्याचे खालचे थर गाडले गेलेत असं मला वाटतं. अभिषेकाचं पाणी बाहेर पडायची मकरमुखाची (मगरीच्या तोंडासारख्या कोरीव पन्हळीची) वाट त्यात बुजली असेल तर पाणी आत भिंतीत मुरणार, मग वर कितीही कोबा टाका. अंगणात वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड) पडले असतील तर ते फरशीत बसवू नका, अशी कितीतरी ठिकाणं मी बघितलीत आणि दर वेळी पोटात तुटतं.

कागदांचं थोडक्यात. देऊळ केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित यादीत आहे का ते आधी लेखी विचारा. केंद्र संरक्षित असेल तर प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, त्यामुळे भक्तनिवासाचं जे तुम्ही लिहिलंय ते तूर्त बाजूला ठेवा. ट्रस्ट नोंदलेला असेल तर ठराव करून ठेवा, कुणाच्या सांगण्यावरून काय केलं ते त्यात येऊ द्या. यादीत नाही असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ वाटेल ते करायला मोकळे असा घेऊ नका, आम्ही तोच घेतला.

"देऊळ हेमाडपंती आहे" असं तुम्ही लिहिलंय. असेलही, पण हे नाव त्याच हेमाद्री पंडितावरून पडलेलं, आणि आपण दगडी दिसलं की सरसकट म्हणतो. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० च्या सुमाराचं, हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं, त्यालाही लोक हेमाडपंतीच म्हणतात. तुमचं नेमकं कधीचं हे ज्या दगडावरून कळेल तो बहुतेक त्या पेंटखाली आहे.

म्हणूनच तो तिसरा फोटो. डाव्या खांबावरच्या तुळईवर, गेरू रंगाच्या पट्ट्याच्या खाली, मला दोन आडव्या ओळी उठलेल्या वाटतायत. पेंटच्या सुरकुत्याही असतील, माझे डोळे आता तेच शोधतात. पण कंत्राटदाराला ॲडव्हान्स देऊ नका, दिला असेल तर काम थांबवा, आणि आज रात्रीच त्या तुळईला बाजूने टॉर्च मारून फोटो काढून इथे टाका. मी जागा आहे.