कार्डावरचे चित्र आणि कार्डातली चिप

प्रश्न : माझ्या जुन्या क्रेडिट कार्डावर बँकेने माझ्या पसंतीचे गोकाक धबधब्याचे छायाचित्र छापून दिले होते. मुदत संपल्यावर आलेले नवे कार्ड अगदीच एकरंगी आहे. चिपपुरती जागा कापलेले चित्राचे स्टिकर ऑनलाइन मिळते, ते लावू या, असे मुलगा म्हणतो. त्याने चिपच्या सुरक्षिततेला बाधा येईल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : रोज हाताळायच्या वस्तूवर आपल्या मुलखातले दृश्य असावे, ही इच्छा रास्त आहे, तरीही स्टिकर लावू नये, असेच आम्ही सांगू. स्टिकरमुळे चिपची गुप्तता कमी होत नाही, पण कार्डाच्या वापरात अडचण येते. कार्डाची जाडी जगभर सुमारे 0.76 मिलिमीटर ठरलेली असून यंत्राची खाच त्याच मापाची असते. वर चिकटवलेल्या थराची कड सुटली की कार्ड एटीएममध्ये अडकू शकते, आणि स्टिकर धातूच्या वर्खाचे असेल तर टॅप करून पैसे देणेही बंद पडते, कारण त्यासाठी लागणारी बारीक तार कार्डाच्या आतच बसवलेली असते.

चिपच्या जागी दिसणारा सोनेरी चौकोन नजरेत खुपतो हे खरे, पण त्याची जागा आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेली आहे. बेळगावचे यंत्र असो वा कोल्हापूरचे, ते त्याच ठिकाणी स्पर्श करते. त्यामुळे बँकेलाही तो हलवता येत नाही. दिसतो तो चौकोन म्हणजे केवळ जोडणीचे ठिपके असून खरी चिप त्याच्या खाली असते. तिचे महत्त्व असे, की मागच्या काळ्या पट्टीवरची माहिती कधीच बदलत नाही, त्यामुळे चोराने ती एकदा टिपली की तिच्यावरून नकली कार्ड बनवता येते. चिपमधली गुप्त किल्ली मात्र बाहेर येतच नाही. तिच्या आधारे प्रत्येक व्यवहाराला नवा संकेत तयार होतो, तो बँक पडताळते आणि कालचा संकेत आज निरुपयोगी ठरतो. म्हणूनच केवळ पट्टीची कार्डे 31 डिसेंबर 2018 पर्यंत बदलून द्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता.

चित्र हवेच असेल, तर ते कार्ड तयार होतानाच छापलेले असावे. काही बँका त्यासाठी शुल्क घेतात. आपल्या शाखेत विचारावे. आता अनेक कार्डांवर आकडे मागच्या बाजूला छापतात, त्यामुळे पुढची बाजू चित्राला मोकळी मिळते. मात्र हौसेने कार्डाचा फोटो नातलगांच्या ग्रुपवर टाकू नये.

याहून काळजीची गोष्ट वेगळीच आहे. ऑनलाइन खरेदीत चिप कामाला येत नाही. तेथे कार्डाचा क्रमांक, मुदत, सीव्हीव्ही आणि ओटीपी यांवर सारे चालते. आपल्या सीमाभागात बँकेचे संदेश बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये येतात आणि घरातली वडीलधारी माणसे ते वाचून घेण्यासाठी फोन कोणाच्याही हाती देतात, हे आम्हाला फार धोक्याचे वाटते. हे काम घरातल्याच विश्वासू माणसाकडे असावे. ऑनलाइन, परदेशी आणि टॅपचे व्यवहार लागत नसतील तर बँकेच्या ॲपमधून बंद ठेवता येतात. चूक बँकेची नाही आणि आपलीही नाही, असा अनधिकृत व्यवहार झाल्यास बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तोटा आपल्यावर येत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपलेच. अशा वेळी बँकेबरोबरच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या 1930 या सरकारी क्रमांकावरही लगेच तक्रार करावी.

प्रश्न : माझे किराणा दुकान आहे. चिप वाचली गेली नाही की गिऱ्हाईक म्हणते, ‘कार्ड घासून बघा.’ तसे करावे का?
— एक दुकानदार, निपाणी

उत्तर : कार्ड चिपचे आहे ही नोंद पट्टीतही असते, त्यामुळे घासले तरी मशीन बहुधा ते आत घालायलाच सांगते. आधी चिप कोरड्या मऊ कापडाने पुसून पाहावी. तरीही वाचली गेली नाही, तर रोख किंवा यूपीआयने पैसे घ्यावेत आणि कार्ड बदलून घेण्यास सांगावे. मशीन गिऱ्हाइकासमोरच ठेवावे, पिन त्यानेच दाबावा. गर्दीच्या वेळी गिऱ्हाईक तो मोठ्याने सांगू लागले, तर त्याला तिथेच थांबवावे.