सायकल गेली, कुलूप लावलेलंच होतं

प्रश्न : दादा नमस्कार. पोरगं लातूरला नीटची तयारी करायलंय. रूमवरून क्लासला जायला ११ हजाराची सायकल घेऊन दिली, चार महिन्यात गेली. जिन्याखाली लावली होती, मागच्या चाकाचं कुलूप लावलं होतं असं शपथेवर सांगतंय. आता दुसरी घ्यायची तर कुलूप कोणतं घ्यावं? अन् पोलीस स्टेशनला जाऊन काही उपयोग आहे का, का उगंच चकरा?
– एक वडील, अहमदपूर

उत्तर : पोरगं खरंच बोलत असेल, त्याच्यावर चिडू नका. मागचं ते गोल कुलूप फक्त चाक फिरू देत नाही, बास. कॅरिअरला धरून मागची बाजू उचलायची अन् पुढच्या चाकावर ढकलत न्यायची, रस्त्यावरच्या लोकांना वाटतं पंक्चर झालीय बिचाऱ्याची. कुणी हटकत तर नाहीच, वरून एखादा पंक्चरचं दुकान कुठंय ते पण सांगतो.

म्हणजे सायकल कशाला तरी बांधायलाच पाहिजे. वायरचं चार आकड्यांचं कुलूप मिळतं ना, ते दोन मिनिटं दुकानात जायचं असेल तर ठीक, रात्रीसाठी नको, बारीक वायर साध्या कटरनं तुटते. यू लॉक, म्हणजे इंग्रजी यू आकाराच्या जाड दांड्याचं कुलूप घ्या नाहीतर जाड कड्यांची चेन, थोडे जास्त पैसे जातील पण ११ हजाराच्या सायकलला दीडशेचं कुलूप लावण्यात काय अर्थ आहे सांगा. यू लॉक लावताना ते फ्रेमच्या पाइपातून, मागच्या चाकातून अन् जिन्याच्या ग्रिलमधून असं एकदमच ओवायचं, अन् आत जागा जेवढी कमी राहील तेवढं चांगलं, कारण जागा राहिली की पहार घालून पिरगाळता येतं. कुलूप जमिनीला टेकू द्यायचं नाही, खाली टेकलं की वरून हातोडा मारायला बरं पडतं. नुसतं पुढचं चाक तर कधीच बांधू नका. लिव्हरवालं चाक असेल तर ते अर्ध्या मिनिटात निघतं, तुमच्याकडं चाक राहतं अन् बाकीची सायकल जाते.

अन् बांधायचं ते कशाला हे पण बघा. मी स्वतः एकदा लग्नात मांडवाच्या बांबूला चेन लावून निवांत जेवायला बसलो होतो, जिलेबी खाऊन आलो तर बांबू आडवा पडलेला अन् सायकल चेनसकट गायब. वरून उघडा असलेला बोर्डाचा पाइप पण तसाच, सायकल उचलून वरून काढता येते.

आता पोलिसांचं. जा, पण मोकळ्या हातानं जाऊ नका. सायकल उलटी केली की पायडलच्या मधल्या जोडावर, खालच्या बाजूनं, फ्रेम नंबर ठोकलेला असतो. गेलेल्या सायकलचा नंबर बिलावर आहे का बघा, नसला तर दुकानदाराकडं विचारा. बिल दुसऱ्या एका कारणानं पण लागतं. १ जुलै २०२४ पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं, त्यात माल ५ हजाराच्या आतला असला तर गुन्हा अदखलपात्र धरतात, मग कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. तुमची ११ हजाराची आहे, तर ते कागदावर दाखवा, "जुनी होती, असेल तीनेक हजाराची" असं भिडेखातर बोलून बसू नका. नवीन घेतली की पहिल्याच दिवशी नंबरचा अन् बिलाचा फोटो पोराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला लावा.

प्रश्न : मी नववीत आहे. सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेली सायकल एसटी स्टँडजवळ लावते, तिथं सगळ्या मुलींच्या सारख्याच असतात. परवा माझी गायब अन् तिथं दुसरीच एक उरली होती, तिची सीट फाटलेली. चोरी म्हणायची का?
– एक मुलगी, जिंतूर तालुका

उत्तर : चोरी नाही गं, बहुतेक कुणीतरी घाईत तुझीच नेली असेल, बस सुटत असली की कोण बघतंय. स्वस्तातल्या कुलपांच्या चाव्या कधीकधी एकमेकीला लागतात पण. उरलेल्या सायकलचा फ्रेम नंबर लिहून घे अन् शाळेत मॅडमला दे, वाटप केलेल्या यादीत नंबर असेल तर ती कुणाची ते लगेच कळेल. अन् आपली परत आली की हँडलला आईच्या जुन्या साडीची पट्टी गुंडाळ, लांबूनच ओळखू येते.